द्वारपालाचे एक वाक्य

शाळेत प्राचीन नाटके अभ्यासल्यावाचून मनुष्य पूर्णत्वास पोचत नाही, हे सर्व विद्वानांस मान्य आहे. (ज्यांस मान्य नाही ते मॅट्रिक नापास आहेत, सबब त्यांचे मत धरलेले नाही.) या सिद्धांताचा जिवंत पुरावा म्हणून मी स्वतःला सादर करतो.

आमच्या ठाण्याच्या हायस्कुलात एकच संस्कृत नाटक वर्षभर चाले. शास्त्रीबुवा भूमिका वाटून देत. राजाची भूमिका परशुरामाकडे गेली. त्याचा आवाज खणखणीत होता आणि वडील मामलेदार होते. मला द्वारपाल मिळाला. त्याला सबंध नाटकात एकच वाक्य: "जशी महाराजांची आज्ञा." उरलेला वर्ग प्रजाजन. प्रजाजनांना संवाद नव्हते. राजा बोलू लागला की त्याच्याकडे पाहायचे आणि शोकाच्या प्रसंगी मान खाली घालायची. ते त्यांनी मन लावून केले.

मी माझे वाक्य इतके घोटले की झोपेतही चुकेना. पुढे कचेरीत कारकून लागलो तेव्हा कळले, विद्या वाया जात नाही. महाराजांच्या जागी साहेब घातले की भागते. एवढ्या भांडवलावर मी हेडक्लार्क झालो. परशुरामाने त्याच कचेरीत राजाचा आवाज लावला. तो हल्ली कल्याणला शिकवण्या करतो.

मग साहेबांनी हुकूम काढला की नौपाड्यातली विहीर बुजवावी. बंगल्यालगत पहाटे घागरी वाजतात आणि साहेबांची झोपमोड होते. (आमची होत नाही, घागरी आमच्याच घरच्या.) गल्ली हादरली. जनाबाईचे तर पोटच त्या विहिरीवर. घरोघर पाणी भरून ती दोन लेकरे पोसत होती. साहेबांपुढे बोलायला नाटक शिकलेलाच माणूस हवा, असे ठरले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मला फार अभिमान वाटला.

"भाऊ, येवढंच सांगा," जनाबाई म्हणाली. "पहाटे नको तर उन्हं आल्यावर भरू. पण हीर ठेवा म्हणावं."

"काळजी करू नकोस. बोलणं आमच्या अंगात मुरलंय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर मी पुढे आणि गल्ली मागे. त्यात वर्गातले निम्मे प्रजाजनही होते. साहेब व्हरांड्यात आले. विहीर सोमवारी बुजेल, काही म्हणणे आहे का, असे त्यांनी विचारले. मी शास्त्रीबुवांनी शिकवल्याप्रमाणे एक पाऊल पुढे टाकले, घसा साफ केला.

"जशी साहेबांची आज्ञा."

उच्चार निर्दोष होता. साहेब प्रसन्न झाले. मी मागे वळून पाहिले. जनाबाई माझ्याकडे बघत होती. बाकीच्यांनी माना खाली घातल्या होत्या.

विहीर बुजली. जनाबाई आता मिठागरावर जाते, आणि ती समोरून आली की मी रस्ता बदलतो. परवा माझ्या बायकोने, सरस्वतीने, रिकामी घागर माझ्याच हातात दिली.

"लग्न झाल्यापासून तुमच्या नाटकाचं कौतुक ऐकतेय," ती म्हणाली. "त्यात पाण्याला कोण जातं?"

मी नाटक पुन्हा तपासले. पाण्याला कोणी जात नाही. तलावावर गेलो तर आमचा जुना वर्ग घागरी घेऊन रांगेत उभा. कोणी काही बोलले नाही. तालीम पक्की आहे.

वाचकहो, मला हसलात, ठीक आहे. पण विहीर बुजेपर्यंत आपणही चकार शब्द काढला नाहीत, आणि जनाबाईच्या प्रसंगी मानही खाली घातलीत. शास्त्रीबुवा असते तर त्यांनी आपल्याला लगेच प्रजाजनांत घेतले असते.