आज कशाचं कालवण?

आमच्या शेजारच्या नानांकडे रोज नवं कालवण असतं आणि ते रोज मसुराचंच असतं. यातून तुम्हाला काही कळलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. साताऱ्यात राहायला आले तेव्हा मलाही कित्येक दिवस कळत नव्हतं.

मुळात मी नागपूरची. कालवण म्हणजे काय, इथूनच घोळ. नानांना विचारलं. नाना फौजेतले निवृत्त सुभेदार, मिशा अजून सावधानमध्ये. म्हणाले, "भाकरी जेच्यात कुस्करून खाता येती त्ये कालवण. मग कशाचं बी असू द्या."

"मग पिठलं?"

"छ्या! घट्ट हाय."

"आणि आमटी?"

"व्हय बी आणि न्हाई बी. ताई, लय इचार करायचा न्हाई, जेवायचं!"

तर हे नाना रोज जेवायच्या वेळी भिंतीवरून मला वाटी देतात आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडतात, "आज शेवग्याचं कालवण!" वाटीत बघते तर मसूर. दुसऱ्या दिवशी "वांग्याचं!" मसूर. एकदा "अंड्याचं!" म्हणाले. माझा गुरुवार, म्हणून घाईघाईने वाटी परत करायला गेले, तर आत मसूरच की हो!

शेवटी न राहवून म्हणाले, "अहो नाना, हे तर मसूर..."

नानांनी डोळे वटारले आणि अंगठ्यानं मागची खिडकी दाखवली. "हळू! म्हातारी ऐकंल. मला ह्ये एकच जमतंय. पर नाव बदललं की ती चार घास जास्ती खाती."

खिडकीशी काकू पडून असतात. साखरेनं नजर गेली, आजारपणात तोंडाची चव गेली, आणि अन्नच नको झालं. डॉक्टर म्हणतात, पोटात गेलं नाही तर कठीण आहे.

"तुमी निस्तं मोठ्यानं वा म्हणायचं," नाना म्हणाले. "ऑर्डर समजा."

तेव्हापासून मी भिंतीवरून ओरडते, "वा नाना, दोडका झकास झालाय!" आमचे हे घरातून विचारतात, "दोडका? कुठाय दोडका?" त्यांना काय सांगणार, कपाळ!

परवा नानांना पेन्शनच्या कामाला जायचं होतं. काकूंना भरवायला मला सांगून गेले. जाताना बजावलं, "गवारीचं हाय. इसरू नका."

मी काकूंना घास दिला. म्हटलं, "गवार छान झालीय, नाही?"

काकू गालात हसल्या. "मसूर हाय, पोरी. रोज दातात टरफल येतंय की."

मी गारच पडले. "मग नानांना सांगितलं का नाही?"

"कशाला सांगू? जल्मभर माज्या हातचं जेवले. शेवगा करू दे न्हाईतर वांगं, ह्येंचं आपलं एकच, 'कालवण वाढ.' कशाचं हाय, कसं झालंय, कवा इचारलं न्हाई. आता बघ, रोज नाव घिऊन, पुढ्यात बसून भरवत्यात."

मी आणखी थोडी भाकरी कुस्करली.

काकूंनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं, आणि मध्येच थांबल्या. "आल्यावर त्येंना सांग, गवार लय ग्वाड झाली हुती. उद्याच्याला पावटा करा म्हणावं."