विहिरीची चढती रेघ

तिरोड्याजवळच्या एका खेड्यात जागेश्वर नावाचे ग्रामसेवक होते. सन १९५८च्या त्या काळात अख्ख्या विकास गटात त्यांच्यासारखे आलेख कोणी काढत नसे. आधी चढती रेघ ओढायची, मग तिच्यावर सोयीने ठिपके ठेवायचे, ही त्यांची शास्त्रशुद्ध पद्धत.

त्यांची मुलगी प्रेमिला सातवीत होती. गुरुजींनी तिला घरच्या विहिरीचा आलेख काढायला सांगितला. पौषापासून ती दर महिन्याला विहिरीतले पाणी मोजत होती. चैत्रात तिने आडव्या रेषेवर महिने लिहिले, उभीवर पाण्याची खोली हातांत, आणि ठिपके जोडले. रेघ घसरत खाली गेली.

जागेश्वर हादरले. ग्रामसेवकाच्याच घरात उतरती रेघ! ती साहेबांच्या नजरेस पडली तर? त्यांनी आकडे थोडे सुधारायला सांगितले; प्रेमिला ऐकेना. मग त्यांना युक्ती सुचली.

"पाणी कायले मोजतं? पाण्यापर्यंत दोर किती लागते, ते मांड."

तिने मांडले. एकही आकडा खोटा नव्हता आणि रेघ अशी चढली, की जागेश्वरांचा ऊर भरून आला. खाली प्रेमिलाने स्वच्छ अक्षरात लिहिले, 'विहिरीत सोडलेला दोर, हातांत'.

शाळेत आलेल्या विकास अधिकाऱ्यांना रेघ फार आवडली. त्यांनी आलेख कचेरीत लावून घेतला आणि वर मथळा दिला, 'विहिरींची प्रगती'.

वैशाखात विहिरीचा तळ दिसला. जागेश्वरांनी ती खोल करून मिळावी म्हणून अर्ज केला. उत्तर आले, की सदर विहिरीची प्रगती सातत्याने चढती असल्याने मदतीची आवश्यकता दिसून येत नाही. पुढील प्रगती दाखवण्यासाठी आलेखाचा जादा कागद सोबत जोडला होता.

"आता हा कागद उकळून पाजू का तुमाले?" त्यांची बायको शामकला म्हणाली आणि घागर घेऊन नाल्यापलीकडे निघाली.

"बाबूजी, साहेबानं खालचं वाचलं काऊन नाही?" प्रेमिलाने विचारले.

"रेघ चढून राहिली का खालचं कोणी वाचत नाही," जागेश्वर म्हणाले. "मी तरी कधी वाचलं?"

पुढच्याच आठवड्यात बाहेरून पाहुणे कचेरीत आलेख पाहायला आले. हातात छडी घेऊन जागेश्वरांनी प्रगती समजावली. बोलता बोलता घसा कोरडा पडला, तेव्हा त्यांनी पाणी मागितले. चपराशी गेला आणि रिकामा गडवा घेऊन परतला. कचेरीच्या विहिरीचीही प्रगती झाली होती.

पाहुण्यांच्या टाळ्या मात्र थांबल्या नाहीत. शिकलेली माणसे होती, तुमच्याआमच्यासारखी.