घडीवरची मुतारी

साहेब, अर्धं काम करून 'काम पूर्ण' अशी पाटी तुम्ही लावलीत आणि खापर फोडलंत एका लेडीज टेलरच्या डोक्यावर. कसं, ते सगळ्यांदेखत सांगतो.

बाजारगल्लीत सात बाय दहाचं त्याचं दुकान. बायको बाजूच्या स्टुलावर बसून काज-बटण करते. सकाळी नऊ ते रात्री आठ. या अकरा तासांत ती पाण्याचा थेंब घेत नाही, कारण घर दोन बस बदलून येतं आणि गल्लीत बाईमाणसाला जायला जागा नाही. मूतखडा दोनदा झालाय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, "पाणी प्या, नाहीतर तिसऱ्यांदा थेट ऑपरेशन."

अशात तुमच्या नगरपालिकेचा फॉर्म आला. 'तुमची गल्ली, तुमचं बजेट! काम तुम्ही सुचवा!' टेलरनं मशीन बंद केलं, दुकानामागून दुकान पालथं घातलं आणि बाया-पुरुषांच्या मुतारीसाठी दोनशे बारा सह्या आणल्या, त्यात एक माझीही. शेवटच्या पानावर मागणी होती : प्रस्तावित कामाचे रेखाचित्र जोडावे.

आता टेलर रेखाचित्र काढणार ते टेलरसारखंच. कापड दुमडायचं, अर्धंच आखायचं, घडीवर कापायचं. उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. त्यानं ब्राउन पेपरवर एकच बाजू आखली. भिंत, नळ, टाकी आणि दोन्ही बाजूंना मिळून मधोमध एकच दार, तेही अर्धं. मधल्या रेघेवर लिहिलं, 'घडी'.

"अहो, बायकांची बाजू कुठाय?" बायकोनं विचारलं.

"अगं, उलगडलं की येईल."

"त्यांना कळेल ना?"

"शिकलेली माणसं आहेत ती!"

काम मंजूर झालं. चारी बाजूंनी पत्रे लागले, आतून ठोकाठोक ऐकू येऊ लागली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टेलरनं पत्र्याच्या फटीतून डोकावलं. घडीच्या रेघेवर वरपासून खालपर्यंत कोरी भिंत उभी होती. दार सव्वा फुटाचं. वर पाटी, 'पुरुष'.

तो धावत तुमच्या इंजिनिअरकडे गेला.

"साहेब, हे अर्धंच बांधलंय!"

इंजिनिअरनं फाइलमधून ब्राउन पेपर काढला. "चित्र कोणाचं?"

"माझंच. पण ते घडीवर काढलंय. उलगडायचं असतं."

"कागद सरळच होता. काय उलगडू?"

"अहो, सव्वा फुटाचं दार कुठे असतं का?"

"मलाही तसंच वाटलं. पण हा लोकसहभाग आहे. लोकांच्या इच्छेत आम्ही ढवळाढवळ करत नाही."

"निदान बांधलंय ते तरी बायकांना द्या."

"नियमात पहिला भाग पुरुषांचा, दुसरा बायकांचा."

"दुसरा तुम्ही बांधलाच नाही!"

"तुम्ही काढलाच नाही."

रात्रभर त्याला बायकोला सांगायचं धाडस झालं नाही. सकाळी दुकान उघडून तो तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "अहो, उद्घाटन अकराला ना? मी आत्ताच तीन ग्लास पाणी प्यायले. किती वर्षांनी हो!"

टेलरनं मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला.

अकरा वाजले, तुम्ही आला नाहीत. साडेअकराला बायकोनं पाय बदलला. बाराला तिनं स्टुलाची कड घट्ट धरली. "अजून किती वेळ हो?" टेलर घड्याळाकडे बघेना, तिच्याकडे तर मुळीच नाही. साडेबाराला तुम्ही आलात आणि पत्रे निघाले.

दोनशे बारा सह्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग टेलरकडे.

"काय रे," शेजारचा न्हावी ओरडला, "हे दार आहे का बाही?"

बायकोनं नुसती पाटी वाचली.

समोर फोटोवाला होता, म्हणून तुम्ही आडवे होऊन शिरलात. पोट आत गेलं, कोट गेला नाही. इंजिनिअरनं हात ओढला, शिपायानं पाय. तुम्ही लाल झालात. शेवटी टेलर कात्री घेऊन आला आणि त्यानं तुमच्या पाठीची शिवण कॉलरपासून खालपर्यंत उसवली. तुम्ही बाहेर आलात, कोटाचे दोन तुकडे दोन खांद्यांवर घेऊन.

"बघितलंत साहेब?" टेलर काकुळतीनं म्हणाला. "घडी म्हणजे हे असं. हा अर्धा आणि हा अर्धा."

तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, कळलं.

चार दिवसांत दार साडेतीन फुटांचं झालं. बरोबर तुमच्या मापाचं. भिंत तिथंच, 'पुरुष' पाटी तीच, शेजारी नवी पाटी, 'काम पूर्ण'. टेलरला पत्र आलं : 'दुसरा भाग पुढील वर्षीच्या फॉर्ममध्ये सुचवावा. रेखाचित्र पूर्ण काढावे.'

उद्घाटनाच्या दिवशी बायको तिथूनच रिक्षा करून घरी गेली होती. वेळेत पोचली का, हे तिनं सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. तिचा ग्लास आता फळीवर पालथा आहे.

तुमचा फॉर्म अकरा महिन्यांनी येणार. तोवर तिनं पाणी प्यायचं की नाही? सांगा साहेब. आणि उत्तर पूर्ण द्या.