मोरपंखी मोटारीच्या पासिंगची मोहीम

श्री मार्गरक्षक देवता प्रसन्न. गोंड्यांची माळ. डाळिंबी रंगाचे डबे. जत्रेचा आकाशपाळणा, अजून सुटा. निरीक्षकांची पेन्सिल. मोराची मान. यांचा मेळ कैसा पडला, ते श्रवण करावे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघमासी, सरदार उमाजीराव खरात राज्य करीत होते. राज्य म्हणजे एक मालमोटार आणि पत्र्याची शेड. आणि जत्रेचा पाळणा वाहून नेण्याचे काम त्यांस मिळाले होते, आणि ते हातचे गेले तर राज्यच उठत होते. मग कायद्याची झाडाझडती घेतली. परमिट होते, विमा होता, धुराचा दाखला होता, वेग आवरणारे यंत्र बसले होते, चालकापाशी अवजड वाहनाचा परवाना होता. राहिले योग्यतेचे प्रमाणपत्र, ज्यास लोक पासिंग म्हणतात. आणि पासिंगला मोटार न्यायची तर नवरीसारखी सजवून न्यायची, ऐसा त्या प्रांतीचा रिवाज. म्हणून इस्माईल पेंटर यांस पाचारण केले.

"चाचा, एक डाग दिसता कामा नये."

"साहेब बघत राहतील," चाचा बोलिले, आणि हिरवी मोटार डाळिंबी केली, आणि चेसिसच्या लोखंडावर खाचा दिसल्या त्या लांबी, म्हणजे रंगाऱ्यांचा लेप, भरून गुळगुळीत केल्या, आणि वरी लांब पिसाऱ्याचा मोर काढिला.

मग गोंड्यांची माळ लेवून स्वारी मोटार-दरबारी दाखल झाली. निरीक्षकसाहेबांनी चेसिस नंबरचा ठसा घेण्यास कागद लावून पेन्सिल फिरविली. कागद कोरा. पुन्हा फिरविली. कोरा.

"नंबर कुठंय?"

"इथंच असतो, साहेब."

"इथं मोर आहे."

उमाजीरावांनी चाचांकडे पाहिले.

"मला जखम वाटली, मालक," चाचा म्हणाले. "भरून काढली."

"चाचा, सरकारनं कोरलेली जखम होती ती."

मग खरवडता खरवडता मोराचे पोट गेले, मान गेली, चाचा पाठ फिरवून उभे राहिले, आणि नंबर प्रगटला. उमाजीरावांस वाटले, सुटलो. साहेबांनी नंबर ताडून पाहिला, मग नोंदणीच्या पुस्तकात पाहिले, मग मोटारीकडे.

"पुस्तकात गाडी हिरवी आहे."

"होती, साहेब."

"रंग बदलायचा तर आधी अर्ज, मग मंजुरी, मग नोंद. मग या."

"आतून अजून हिरवीच आहे, साहेब," उमाजीराव काकुळतीस आले.

"मग बाहेरूनही करा, आणि आणा."

"पाळणा उद्या निघतोय."

"पाळण्याला मी कुठं अडवलंय?"

मग पाळणा दुसरे मालमोटारवाले साळुंखे यांच्या पासिंग झालेल्या मोटारीत चढला. तिचे रंगाचे पोपडे निघाले होते, आणि तिला सजविण्याचे कोणाच्या मनात कधी आले नव्हते.

तात्पर्य, मोहीम बुडाली. उमाजीराव रंगापायी चाचांशी बोलेनात, आणि चाचा मोरापायी उमाजीरावांशी.

रंगाचा पहिला डबा उघडण्याच्या आदल्या दिवशी उमाजीरावांची मोटार होती तशी पास झाली असती.