दादांच्या मोबाइलवर गेलेला कोड

टीव्हीला जोडायची ती डबी साबणाच्या वडीएवढी होती आणि ती पाच मिनिटांत सुरू होते, असं खोक्यावर छापलेलं होतं. छापील मजकुरावर माझा विश्वास आहे. अभिलेख कक्षात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाचा दुसऱ्या कशावर असणार? शनिवारी सकाळी मी डबी टीव्हीच्या मागे खोचली, वायफायचा पासवर्ड चार वेळा चुकवून पाचव्यांदा बरोबर टाकला आणि पडद्यावर सूचना उमटली : आपली ओळख पटवण्यासाठी नोंदणीकृत मोबाइलवर सहा अंकी कोड पाठवला आहे.

नोंदणीकृत मोबाइल दादांचा होता. सिनेमा-मालिकांचं हे खातं उघडलं तेव्हा आम्ही दोघे भाऊ एकाच घरात राहत होतो. आता दादा दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि तीन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. कारण शिडी. त्यांनी नेलेली माझी शिडी परत आली तेव्हा तिची एक पायरी कमी होती, असं माझं म्हणणं. ती मुळातच नव्हती, असं त्यांचं. मधल्या काळात मला त्यांची आठवण यायची, पण तशी नोंद मी कुठे केली नव्हती.

मी ग्राहकसेवेला फोन लावला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. नंबर बदलता येईल म्हणाल्या, त्यासाठी फक्त कोड लागेल. तो जुन्या नंबरावर येईल. मी ओळखपत्र, वीजबिल आणि जन्मदाखला सादर करायची तयारी दर्शवली.

"सर, तुम्ही तुम्हीच आहात हे तुमचे बंधूच सांगू शकतात," त्या म्हणाल्या.

नाइलाजाने मी दादांना फोन केला.

"दादा, कोड आलाय का?"

"आलाय. आधी शिडीचं बोल."

कोडची मुदत पाच मिनिटं. शिडीचा विषय तेवढ्यात आटोपणारा नव्हता. कोड बाद झाला. रविवारी दुसरा मागवला, तोही वादात गेला. सोमवार ते शुक्रवार रोज एक कोड याप्रमाणे पाच कोड वाया गेले. तीन वर्षांत बोललो नव्हतो तेवढं आम्ही त्या आठवड्यात बोललो. शेवटी भूमापन खात्यातून निवृत्त झालेले दादा म्हणाले की फोनवर निकाल लागायचा नाही, जागेवर मोजणी करावी लागेल.

शनिवारी ते टेप घेऊन हजर झाले. सोबत वहिनी होत्या. माझी बायको आणि वहिनी पंच म्हणून उभ्या राहिल्या आणि लगेच स्वतःच्या गप्पांना लागल्या. मोजणीअंती पायऱ्या सात भरल्या. मुळात सात होत्या की आठ, हे मात्र दोघांनाही आठवेना. दादांना आधी हसू फुटलं, मग मला. त्या भरात त्यांनी कोड वाचून दाखवला आणि डबी सुरू झाली.

पडदा उजळला आणि आम्ही चौघेही गप्प झालो. दोन तास कोणी कोणाकडे पाहिलं नाही. "चित्र चांगलं दिसतं," एवढं बोलून दादा गेले. पुढचे दोन आठवडे ना फोन, ना येणं. कामच उरलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी डबी सगळं विसरली. पडद्यावर पुन्हा तीच सूचना. पुस्तिकेत पाहिलं, तर डबीच्या मागच्या बारीक छिद्रात टोकदार वस्तू दहा सेकंद दाबून धरली की असं होतं. टीव्हीमागे केसांची पिन पडलेली होती.

"भाऊजींना फोन करा," बायको भाजी निवडत म्हणाली. "वहिनींनाही घेऊन या म्हणावं."

तेव्हापासून डबी दर शनिवारी विसरते. दादा येतात, कोड देतात आणि तो देण्याआधी तास-दीड तास आम्ही मनसोक्त भांडतो. नंबर बदलण्याचा अर्ज मी प्रलंबित ठेवला आहे. पिनेबाबत चौकशी उघडलेली नाही. सापडली की मी ती आरशापुढच्या डब्यात परत ठेवतो.

तुमच्या घरची डबी, खोक्यावर छापल्याप्रमाणे, पाच मिनिटांत सुरू झाली असेल तर अभिनंदन. शनिवारी तुमच्याकडे कोण येतं?