कदमांचा शिकारी मुलूख

वर्ल्ड कपच्या गटांची सोडत टीव्हीवर चालू होती आणि आमच्या दोह्यातल्या, अल अझीझियाच्या फ्लॅटमध्ये कदम प्रत्येक देशाचं नाव ऐकून एकेक जनावर सांगत होते.

स्पेन निघालं. "डोंगरी बोकड," कदम म्हणाले. कॅनडा निघालं. "अस्वल. काळं." मोरोक्को म्हटल्यावर तर ते खुर्चीतून अर्धे उठले. "हुबारा! आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊ. तिथं आमी काय केलं, ठावं हाय का?" वेल्सचं येणं अजून पक्कं नव्हतं, तरी त्याला त्यांनी आधीच हात झटकले. तिकडे नुसती मेंढरं, त्याला काय शिकार म्हणायचं?

कदम सोलापूरकडचे. आमच्या मागच्या गल्लीतल्या व्हिलात एका वृद्ध कतारी गृहस्थांचे ड्रायव्हर. मालकांना ते 'बाबा' म्हणत. बाबांना तरुणपणापासून शिकारीचं वेड. ससाणे घेऊन कझाकस्तानच्या माळावर जा, रानरेड्यांसाठी टांझानिया गाठ, वळणदार शिंगांच्या मेंढ्यांपायी ताजिकिस्तानच्या बर्फात महिना काढ. बाबा जातील तिथे कदम. "जिथं रस्ता संपतो, तिथनं आमची गाडी चालू होती," असं ते छाती काढून सांगत.

गंमत अशी, की कदमांनी आयुष्यात बंदुकीला हात लावलेला नव्हता. माणूस शुद्ध शाकाहारी. व्हिलातल्या स्वयंपाकघरात रोज मटण शिजायचं म्हणून तर ते आमच्याकडे पिठलं-भाकरीला यायचे. रानरेडा पडला त्या क्षणी आपण तंबूमागे तांदूळ निवडत होतो, हे ते स्वतःच सांगत. तरी प्रत्येक गोष्ट "आमी मारलं" अशीच संपायची.

मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदा त्यांना आमच्या इराचा भूगोल घ्यायला बसवलं. राजधानी त्यांना एकही येत नव्हती. इराने परीक्षेत ताजिकिस्तानबद्दल इंग्रजीत लिहिलं, की तिथे फार मोठ्या मेंढ्या असतात आणि त्यांना तुमचा वास अर्ध्या मैलावरून येतो. पुढचे आठ दिवस कदम या उत्तरावर खूश होते.

त्या दिवसांत सगळं दोहा तापलं होतं. मी अल थुमामाच्या स्टेडियमवर एसीच्या कामाला. घरी येईपर्यंत कोण जिंकणार यावर चार जणांशी वाद झालेला असायचा. कदमांचं गणित वेगळं. ज्या देशातलं जनावर जास्त चपळ, तो देश पुढे. स्पेनचा बोकड तीन दिवस हाती लागला नाही, मग स्पेनचा फॉरवर्ड काय हाती लागणार, असा त्यांचा सवाल होता.

एका शुक्रवारी ते म्हणाले, बाबांना स्टेडियम बाहेरून दाखवायचंय, तुम्ही चला. मी लँड क्रूझरमध्ये कदमांच्या शेजारी बसलो. मागे बाबा, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, अगदी कृश. ते स्टेडियम अरबी टोपीच्या आकाराचं आहे. बाबांनी ते बराच वेळ पाहिलं आणि मग स्वतःच्या डोक्यावरची टोपी जागेवर आहे ना, हे चाचपून घेतलं. आम्ही तिघंही हसलो.

परत येताना कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, देशादेशांचे झेंडे लागले होते. बाबा एकदम अस्वस्थ झाले. आपण कुठे आहोत, असं अरबीत विचारू लागले. जिथे त्यांचा जन्म गेला त्या समुद्रासमोर.

कदमांनी गाडीचा वेग कमी केला, समोरचा झेंडा पाहिला आणि आपल्या अरबी-हिंदीच्या खिचडीत शांतपणे सांगितलं, "मोरोक्को, बाबा."

आणि सुरू झाले. वाळू, वारा, झुडपामागे दबलेला हुबारा, हातावरून सुटलेला ससाणा. बाबा पुढे झुकले. वारा उजवीकडून नव्हता, डावीकडून होता, म्हणाले. आवाजात जोर आला होता. शेवटी त्यांनी विचारलं, मिळाला का?

"नाही बाबा. हुकला."

बाबा आनंदाने मांडीवर थाप मारून म्हणाले, "बुकरा, कदम. बुकरा." उद्या. आणि निवांत मागे टेकले.

व्हिलाशी बाबांना घरात सोडून कदम बाहेर आले, तेव्हा मी म्हटलं, "आम्हाला तर तुम्ही सांगितलं होतं, मोरोक्कोत मारला म्हणून."

"मारला व्हता की."

"मग?"

ते गाडीच्या काचेवरची धूळ पुसायला लागले. "मारला म्हटलं की ते म्हणत्यात, खलास, चल घरी. घरी आले की मालकिणीला हाका मारत खोल्या धुंडाळत्यात. ती जाऊन दोन वर्षं झाली. रोज कुणीतरी सांगायचं, रोज त्यांनी नव्यानं रडायचं. हुकला म्हटलं की घरालाच तंबू समजून निजत्यात, उद्याच्या नादात." फडकं झटकून त्यांनी घडी घातली. "गावाकडनं माझा पोरगा म्हणतो, नाना, आता या परत. मी म्हटलं, येतो की. पर हितं रोज एक शिकार हुकवायला कुणीतरी लागतंय, साहेब."