चर्चमागचे तीन खड्डे

चर्चच्या मागच्या दारात उभ्या राहून मंडळीच्या चिटणीसबाई नाकाला रुमाल लावून खड्ड्यांकडे बघत होत्या. सहा आठवड्यांपूर्वी खणला तेव्हा खड्डा एकच होता. आता तीन झाले होते आणि तिसराही काठोकाठ भरत आला होता.

"मी तेव्हाच विचारलं होतं, याच्याकडे बघणार कोण?" त्या शेजारी उभ्या असलेल्या पाळकसाहेबांना म्हणाल्या.

"विचारलं होतंत, बाई," पाळकसाहेब म्हणाले. "तसं इतिवृत्तात लिहिलेलंही आहे."

"लिहिलेलं असणारच. मीच लिहिलंय."

सुरुवात पाळकसाहेबांच्या उपदेशापासून झाली होती. ते मंडळीत नवीन आणि वयाने तिशीतले. देवाने निर्माण केलेल्या सृष्टीचा सांभाळ करणं हेही उपासनेचंच अंग आहे, असं त्यांनी एका रविवारी सांगितलं. मंडळीने माना डोलावल्या. मंडळी दर रविवारी माना डोलावते आणि घरी जाते. या वेळी मात्र पाळकसाहेबांनी दारातच लोकांना अडवून विचारलं, "मग सुरुवात कधी करायची?"

चर्चमागे मोकळं पटांगण होतं. इमारत बांधताना उरलेला सगळा राडारोडा त्याच्या पोटात होता, त्यामुळे तिथे गवतसुद्धा बिचकत उगवायचं. त्या जागी चाळीस झाडं लावायची, झाडांसाठी खत हवं, आणि खत घरोघरच्या ओल्या कचऱ्यातून करायचं, असं पंचांच्या सभेत ठरलं. खड्ड्याकडे कोण बघणार, या प्रश्नावर सगळे पंच भिंतीकडे बघत बसले.

चिटणीसबाईंनी नोंदणी कार्यालयात बत्तीस वर्षं काढली होती. अपुरा अर्ज घेऊन आलेला माणूस त्यांच्या खिडकीवरून कधी पुढे गेला नव्हता. पण फाटकावरच्या फळ्यावर सूचना लिहिताना त्यांची स्वतःचीच चूक झाली. फळा लहान होता. 'सभासदांनी रविवारी उपासनेनंतर आपापल्या घरचा ओला कचरा एका डब्यात आणावा' हे काही त्यावर मावेना. म्हणून त्यांनी लिहिलं, 'ओला कचरा येथे आणावा.'

मंगळवारी सकाळी फाटकात एक आजोबा बादली घेऊन उभे होते.

"इथंच ना?"

"तुम्ही आमच्या मंडळीतले आहात का?" बाईंनी विचारलं.

"मी समोरच्या इमारतीतला. पण भाजीची देठं कुठल्याही मंडळीत चालतात की."

आजोबांच्या मागोमाग त्यांची इमारत आली, आणि इमारतीमागोमाग सगळी गल्ली. बाईंनी फळ्यावर खाली बारीक अक्षरांत 'फक्त सभासदांसाठी' असं वाढवलं. पाळकसाहेबांनी ते स्वतःच्या बाहीने पुसलं.

"बाई, चर्चच्या फाटकावर असं लिहिलेलं बरं दिसतं का? लोक काय म्हणतील?"

"लोक कचरा कुठं टाकायचा ते विचारतील. आणि एवढंच विचारतील तर बरं."

पंधरा दिवसांत गल्लीतले कचऱ्याचे डबे रिकामे राहू लागले. नगरपालिकेच्या गाडीचा ड्रायव्हर रोज रिकामे डबे बघून कंटाळला आणि त्याने गल्लीत वळणंच सोडून दिलं. गाडी बंद झाल्यावर गल्लीला दुसरी सोय उरली नाही. आता ओल्या कचऱ्यातून फाटक्या चपला, औषधाच्या बाटल्या यायला लागल्या आणि एकदा तर चालू स्थितीतलं भिंतीवरचं घड्याळ आलं. ते सगळं वेचून बाजूला काढायचं काम कोणाचं, यावर सभेत पुन्हा सगळे भिंतीकडे बघत बसले.

रविवारी वास आत यायचा म्हणून खिडक्या बंद करून उपासना होऊ लागली. गीतं रुमालाआडून म्हटली जाऊ लागली. एरवी चाळीस मिनिटं चालणारा उपदेश बारा मिनिटांत उरकायला लागला, तेव्हा दोन वयस्कर सभासदांनी बाईंना हळूच बाजूला घेऊन सांगितलं की खड्ड्यांचं काही करायची घाई नाही.

शेवटी पंचांपैकी सुतारमामा एकदा पँटचे पाय दुमडून खड्ड्यात उतरले. "वास मारतंय कारण हवा जात नाही," ते म्हणाले. "माझ्याकडचा लाकडाचा भुसा टाकतो. कचऱ्याचा एक थर, भुशाचा एक थर. आणि दर तिसऱ्या दिवशी खालचं वर करायचं."

"करायचं कोणी?" बाईंनी विचारलं.

एका पंचाची पाठ धरली होती. दुसऱ्याचा गुडघा दुखत होता. सुतारमामांनी भुसा देऊन आपला वाटा उचललाच होता. पाळकसाहेब आनंदाने तयार झाले, पण त्यांनी पहिल्याच दिवशी दाताळं स्वतःच्या पायावर मारून घेतलं आणि आठवडाभर लंगडत उपदेश केला.

त्यानंतर चिटणीसबाई दर तिसऱ्या दिवशी नवऱ्याचे जुने बूट घालून खड्ड्यावर येऊ लागल्या. उलथवताना त्यांचं तोंड चालू असायचं. घरी आल्यावर उरलेलं नवऱ्याला ऐकवायच्या.

"सृष्टीचा सांभाळ सगळ्यांनी करायचा आणि घाण मी एकटीने उपसायची."

"मग सोडून दे ना," नवरा म्हणायचा.

"सोडून दे म्हणे. आणि वरचं कोरडं पडलं तर?"

दर सोमवारी त्या नगरपालिकेला एक अर्जही पाठवत. अर्ज अर्थातच बिनचूक असे. 'चर्चच्या आवारात साठलेला कचरा तातडीने उचलावा व गल्लीतील गाडी पूर्ववत सुरू करावी.' खाली सही, हुद्दा, तारीख. एकाही अर्जाला उत्तर आलं नाही.

चौथ्या महिन्यात वास गेला. खड्ड्यांत काळीभोर, भुसभुशीत माती तयार झाली. आंब्याच्या कोयी तेवढ्या अजून हट्ट धरून होत्या. झाडं लावायचा रविवार ठरला, रोपवाटिकेतून चाळीस रोपं आली, आणि शनिवारी सकाळी बाई खत चाळायला मोठी चाळणी घेऊन चर्चमागे गेल्या.

तिन्ही खड्डे रिकामे होते. नुसते रिकामे नव्हते, तर तळापर्यंत झाडून घेतलेले होते.

फाटकाजवळ सुतारमामा स्कूटर लावत होते. "आत्ताच नगरपालिकेचा ट्रक गेला," ते म्हणाले. "चांगली माणसं होती. हातात तुमचा अर्ज होता. म्हणाले, बाईंनी दहा वेळा लिहिलंय, आता एक कणही ठेवत नाही."

बाई चाळणीसकट स्कूटरच्या मागच्या सीटवर बसल्या.

कचरा डेपोच्या दारात वजनकाटा होता आणि काट्याजवळच्या खोलीत एक कारकून. त्याने बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं.

"आत आलेला कचरा बाहेर नेता येत नाही."

"तो कचरा नाहीये. खत आहे."

"इथं कचरा म्हणून नोंद आहे. हा बघा, अर्जातही तसंच लिहिलंय. सही तुमचीच ना?"

सही त्यांचीच होती, आणि कारकुनाचा आवाजही त्यांच्या चांगला ओळखीचा होता. याच आवाजात त्यांनी बत्तीस वर्षं लोकांना परत पाठवलं होतं. त्यामुळे कुठे बोट ठेवायचं, हेही त्यांना ठाऊक होतं.

"लोकांच्या अंगठ्या, किल्ल्या कचऱ्यात जातात, तेव्हा ते इथंच येतात ना? त्यांच्यासाठी काहीतरी फॉर्म असेल."

कारकुनाने नाइलाजाने खण उघडला. 'चुकून कचऱ्यात गेलेली वस्तू' असा फॉर्म खरंच होता.

"वस्तू आधी ओळखून दाखवावी लागेल," तो म्हणाला.

आत ओळीने ढीग पडले होते आणि सगळेच काळे होते. बाईंनी रुमाल पर्समध्ये टाकला. पहिल्या ढिगातली मूठभर माती उचलून नाकाशी नेली. "गटाराची." दुसरी मूठ. "हे कुणीतरी जाळलेलं आहे." चौथ्या ढिगापाशी त्या थांबल्या, माती तळहातावर चुरली आणि हात कारकुनापुढे धरला.

"हे आमचं. सागाचा भुसा दिसतोय? आणि ही अंड्याची टरफलं. चुरून टाका म्हणून चार महिने सांगतेय, पण कोपऱ्यावरची डॉक्टरीणबाई ऐकत नाही."

कारकून दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "पटलं."

बाई फॉर्म भरायला बसल्या. वस्तूचं वर्णन, ओळखीची खूण हे रकाने झाले. 'मालकाचं नाव' या रकान्यापाशी पेन थांबलं.

"मंडळीचं नाव टाका," मागून सुतारमामा म्हणाले.

"उलथवायला मंडळीतलं कोण येत होतं?"

सुतारमामा वजनकाट्याकडे बघू लागले. बाईंनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावापासून आडनावापर्यंत संपूर्ण. मग तोच ट्रक पुन्हा भरून होईपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या आणि परत येताना, वाटेत सांडू नये म्हणून, ड्रायव्हरशेजारी बसून आल्या.

रविवारी उपासना संपल्यावर मंडळी पटांगणात जमली. सगळ्यांच्या हातात एकेक रोप होतं. खताच्या ढिगाशी नवऱ्याचे बूट घालून चिटणीसबाई उभ्या होत्या. पहिलं रोप पाळकसाहेबांचं होतं. त्यांनी थोडक्यात प्रार्थना केली, ढिगात दोन्ही हात घातले आणि भरभरून खत उचललं.

"पाळकसाहेब," बाई म्हणाल्या, "एका झाडाला एवढं?"

पाळकसाहेबांनी अर्धं परत टाकलं, आणि बोटांना चिकटलेलं झटकताना ते ढिगावरच पडेल याची काळजी घेतली.